आदरार्थी बहुवचन

आठवीच्या वर्गात दरवर्षी एक तास आदरार्थी बहुवचनावर जातो. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. 'मुलगा आला.' 'बाबा आले.' मग विचारते, दुसऱ्या वाक्यात किती बाबा आहेत? मुलं हसतात. यंदा एका मुलाने हात वर करून विचारलं, "टीचर, बाबा एकच आहे, तर मग ऐकणाऱ्याला कसं कळणार की एक आला का लई जण आले?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. संदर्भावरून कळतं. पुढचं-मागचं वाक्य बघायचं. तास संपला, मी स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि चहा गार होईपर्यंत त्या पोराच्या प्रश्नाचाच विचार करत राहिले. कारण व्याकरणात संदर्भावरून कळतं हे खरं, पण आयुष्यात मला स्वतःला दर वेळी कळतंच असं नाही. समोरचा मला 'तुम्ही' म्हणतो तेव्हा मी एकटी असते आणि मला मान दिलेला असतो, की तो माझ्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या जमातीशी बोलत असतो?

मी मिरजेची. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. घरात आम्ही जे बोलतो ते पुस्तकी उर्दू नव्हे, दखनी. तिच्यात 'नक्को' आहे, जो मराठीच्या 'नको'चा सख्खा भाऊ. 'वहीच', 'अभीच' मधला 'च' मराठीचा. 'किताबां', 'बातां', 'लोगां' ही अनेकवचनं मात्र तिची स्वतःची. या बोलीत आई 'तू' असते, अगदी मराठीतल्या 'अगं आई'सारखी. शाळेतली उर्दू मात्र आईलाच काय, कडेवरच्या बाळालाही 'आप' म्हणायला शिकवते. माझ्या हातातली लाल शाई दिवसातून दोन वेळा पक्ष बदलते. उर्दूच्या वहीत कुणी 'अपन जाएंगे' लिहिलं की मी ते खोडून 'हम' करते. आणि पुढच्याच तासाला मराठीच्या वहीत 'आम्ही' खोडून 'आपण' करते, कारण ज्याच्याशी बोलतोय त्याला सोबत घ्यायचं असेल तर मराठीत 'आपण' लागतं. ते 'आपण' मुलांच्या घरच्या बोलीत आधीपासून होतं, मीच तासाभरापूर्वी काढून घेतलेलं असतं. असो. हा माझ्या पगाराचा भाग आहे.

आमच्या मुलांना मराठीत सगळ्यात अवघड काय जातं, तर जोडाक्षरं नाहीत, 'ळ' नाही. अवघड जातं 'तुम्ही'. मागच्या वर्षी माझा एक विद्यार्थी आईबरोबर एका कार्यालयात दाखल्यासाठी गेला होता. आईला मराठी कमी येतं म्हणून हाच पुढे झाला. खिडकीतल्या माणसाला म्हणाला, "काका, तू फॉर्म दे." काकांनी फॉर्म दिला, पण आईकडे बघून म्हणाले, "तुमच्यात मोठ्यांशी असंच बोलतात का?"

मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, रडवेला. त्याचं म्हणणं एवढंच, की मी मराठीत बोललो, बरोबर बोललो, तरी ते का चिडले? मी त्याला 'तुम्ही फॉर्म द्या' शिकवलं. पण खरं कारण त्याला सांगितलं नाही, कारण ते त्याच्या वयाला पेलणारं नाही. तो मराठी शिकला क्रिकेटच्या मैदानावर. तिथे सगळे त्याच्याच वयाचे, सगळं अरे-तुरे. 'बॉल टाक', 'तू आउट आहेस', 'पळ'. मैदानावर 'तुम्ही' नसतो. 'तुम्ही' मिळतो मित्राच्या घरी गेल्यावर. त्याची आजी दारात विचारते, कुणाचा रे तू? मग तिच्याशी बोलताना जीभ आपोआप सांभाळली जाते. मित्राचे वडील पेपर वाचत बसलेले असतात, त्यांना 'काका, येऊ का आत?' विचारावं लागतं. हा मुलगा त्याच्या मराठी मित्रांपैकी एकाच्याही घरात कधी गेलेला नाही. मी विचारलं त्याला. मित्रही त्याच्या घरी आलेले नाहीत. चार वर्षं रोज संध्याकाळी एकत्र खेळतात.

मी त्याच्या वयाची असताना असं नव्हतं, हे लिहिताना जपून लिहिते, कारण 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. तेव्हाही आमच्यासाठी वेगळा पेला ठेवणारी घरं होती, आणि आमच्याकडे दुसऱ्याच्या घरचा प्रसाद 'घे पण खाऊ नको' सांगणाऱ्या खाला होत्या. पण येणं-जाणं होतं. मिरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आजही. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्यात आहे, आणि त्यांच्या नावाने तिथे गाणं होतं तेव्हा ऐकायला कोण बसलंय हे कुणी मोजत नाही. लोक मिरजेचं कौतुक करतात ते या गोष्टींचं. त्या खऱ्याच आहेत. फक्त उरूस वर्षातून एकदा येतो आणि संध्याकाळ रोज येते.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही, ती हे वाचेल.

2003-04 मध्ये आम्ही दोघी बीएडला होतो. तेव्हा बीएड एका वर्षाचं होतं, आता दोन वर्षांचं आहे, पण त्या एका वर्षात दोन वर्षांची कागदं काळी करून घेत. पाठ टाचणं, तक्ते, सूक्ष्म अध्यापन. मराठी अध्यापन पद्धती आमच्या दोघींकडे होती. ती तासगावची. माझा पहिला सराव पाठ होता तेव्हा मी 'शाळेत' ऐवजी 'शाळेमधी' म्हणाले आणि मागच्या बाकावरून दोघं-तिघं हसले. पाठ झाल्यावर ती त्यांच्याकडे जाऊन भांडली. माझ्याशी तोवर तिची ओळखही नव्हती. भांडून आली आणि मला म्हणाली, "तू पण ना, घाबरतेस कशाला एवढी?" ती पहिल्या वाक्यापासून 'तू' होती.

आमच्या घरी ती यायची, दस्तरखानवर मांडी घालून बसायची. अम्मीचं मराठी जेमतेम, तिची दखनी शून्य, तरी दोघींचं चालायचं. ती 'नको नको' म्हणाली की अम्मी म्हणायची, "नक्को मत बोल, खा." ती मटण खात नव्हती, म्हणून अम्मी तिच्यासाठी खट्टी दाल आणि वांगी करायची, वेगळ्या कढईत. ती कढई आजही आमच्याकडे आहे. ईदला ती घरचे बेदाणे आणायची. तासगावचे बेदाणे म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. तेव्हा ईद नोव्हेंबरात यायची, बेदाणे मागच्या हंगामाचे असायचे, तरी अम्मी शीरखुर्म्यात दुकानातले घालायची नाही. त्या लडकीचे येऊ देत, म्हणायची.

2009 च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली. त्या वर्षी रमजान आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले होते. संचारबंदी लागली. माझी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची, दूध मिळेना. ही रोज इफ्तारच्या सुमाराला फोन करायची, कारण त्या वेळी मी घरात असणार हे तिला माहीत होतं. राजकारणावर ती एक शब्द बोलायची नाही. "जेवलीस का? पोरगी कशीय? दार लावून घे." एवढंच. सगळं 'तू'.

मग बदल्या, पोरंबाळं, तिच्या सासऱ्यांचं आजारपण, माझ्या अम्मीचं जाणं. दुरावा आला म्हणण्याइतकं काही घडलं नाही. नुसती वर्षं गेली. बीएडच्या बॅचचा ग्रुप निघाला आणि त्यात काय काय येऊ लागलं ते वाचकांनी आपापल्या ग्रुपवरून ओळखावं. एकदा असाच एक लांबलचक मजकूर कुणीतरी टाकला आणि तिने मला वेगळा मेसेज केला, "तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?"

'तुमच्यात.' मराठीत हा शब्द साधा आहे. 'तुमच्यात लग्नात काय काय करतात', 'आमच्यात उजव्या सोंडेचा बसवत नाहीत', लोक सहज बोलतात, जातीजातींत बोलतात, त्यात वाईट काही नसतं. मीही शेजारणींना विचारते. पण हा प्रश्न शीरखुर्म्याबद्दल नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या, पुसल्या. 'आमच्यात' म्हणजे कुणात? माझ्या घरात तिघं राहतात आणि तिघांची मतं तीन. मी शेवटी लिहिलं, "माहीत नाही." तिने अंगठा पाठवला.

गेल्या जूनमध्ये प्रशिक्षणात आम्ही समोरासमोर आलो. ती आता मुख्याध्यापिका आहे. मला बघून हसली, पुढे आली आणि म्हणाली, "कशा आहात तुम्ही? घरी सगळे बरे?"

वीस वर्षांची मैत्रीण मला 'अहो' करत होती. मला सरळ विचारता आलं असतं, काय गं, डोकं फिरलं का? पण मी काय केलं? मी दोन पायऱ्या आणखी वर चढले. म्हणाले, "मी ठीक. आपण कशा आहात?" माणूस चिडला की शिव्या देतो असं म्हणतात. भाषेचे शिक्षक चिडले की सर्वनाम बदलतात.

तीन दिवस आम्ही एकाच हॉलमध्ये बसलो. डबे वेगळ्या बाकांवर उघडले.

या सगळ्याचा राग मी घरी काढला. जेवताना बोलत होते, दखनीत, की इन लोगां का ऐसाच रहता, वरून गोड बोलतां, मन में अलगच. माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिने वरणाचा डाव खाली ठेवला आणि विचारलं, "कौन लोगां, अम्मी? तुम एकीच का बोल रहे ना?"

मला त्या क्षणी ती अजिबात आवडली नाही. पण पोरीचं व्याकरण बरोबर होतं. मी एका बाईबद्दल बोलत होते आणि क्रियापद अनेकवचनी वापरत होते, आणि ते आदरार्थी नव्हतं. खिडकीतल्या त्या काकांनी एका मुलाच्या 'तू'वरून सगळ्यांना मोजलं. मी एका मैत्रिणीच्या 'तुम्ही'वरून तेच केलं. ती मुख्याध्यापिका झाल्यावर सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणू लागली असेल, हेही माझ्या मनात आलं नाही. पुढे कळलं ते तसंच होतं, निदान अर्धं तरी.

माझं म्हणणं मांडते, मतभेद असतील तर असोत. आपल्या लोकांनी आणि त्यांच्या लोकांनी एकमेकांशी अदबीनं वागावं असं व्यासपीठांवरून सांगितलं जातं, ईद मिलनात तर हमखास. मला वाटतं अदब भरपूर झाली आहे. शिष्टाचाराचे मेसेज दोन्ही सणांना न चुकता येतात, फुलांची चित्रं असलेले. कमी पडतंय ते भांडण्याइतकं जवळ असणं. मला कुणी चुकीचा प्रश्न विचारला तर चालेल, अगदी टोचणारा विचारला तरी चालेल, पण 'तुला काय वाटतं?' असा विचारावा. त्याला मी उत्तर देईन. 'तुमच्यात काय म्हणतात?' याला उत्तर द्यायला मला कुणी निवडून दिलेलं नाही. आणि आपणही ती वकिली अंगावर घेणं सोडलं पाहिजे. कुणी विचारायच्या आत 'इस्लाममध्ये असं आहे' म्हणून भाषण सुरू करणारे आपल्यात कमी नाहीत, मीही केलं आहे. समोरच्याला धर्माची माहिती हवी असते असं नाही, कधी कधी त्याला नुसती माझी खबरबात हवी असते आणि कशी विचारायची ते सुचत नाही.

त्या मुलाचं मी एक केलं. त्याला सांगितलं, मित्राच्या घरी जा, वही आणायला जा, पाणी प्यायला जा, काहीही कारण काढ. तो म्हणाला, "टीचर, बोलवत नाहीत." मी म्हटलं, मग तू बोलव. अजून बोलावलेलं नाही. त्याची आई म्हणते, घर लहान आहे.

मैत्रिणीला मी फेब्रुवारीत फोन केला. पाठ टाचण काढावं तशी वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती, एकही कामाला आलं नाही. मी म्हणाले, "प्रशिक्षणात मला 'तुम्ही' का म्हणालीस?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझा तो 'माहीत नाही' आला ना, मला वाटलं तुला राग आलाय. मग मला 'तू' म्हणायची भीती वाटली." मी विचारलं, आणि तो 'तुमच्यात'वाला प्रश्न? त्यावर तिने जे सांगितलं ते मला सगळं पटलं नाही. आम्ही वीसेक मिनिटं वाद घातला. तिच्या घरात काय बोललं जातं तेही तिने लपवलं नाही. फोन ठेवताना दोघींचा आवाज चढलेला होता.

आता ईद मार्चात येते, बेदाण्याच्या नव्या हंगामात. ती आली. दारात मी गोंधळून "या, तुम्ही बस ना" असं म्हणाले, आणि ती चप्पल काढता काढता "तू बसा आधी" म्हणाली. माझी मुलगी आतून हसत होती. अम्मीच्या कढईत मी वांगी केली होती, जरा खारट झाली. तिने दोन किलो बेदाणे आणले होते आणि भाव किती पडलाय यावर ती अर्धा तास बोलली.