गाडीचे पाटे आणि आपली पाठ



आपल्या बेळगाव-खानापूर भागात बैलगाडीची बरीचशी कामे आता पिकअप गाडीने उचलली आहेत. पहाटे कोबी, टोमॅटो, मिरची घेऊन ती बेळगावच्या बाजारात जाते, चोर्ला घाट उतरून गोव्याला जाते आणि परतताना खताची पोती आणते. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा झाला तरी पुष्कळ घरांत तीच उपयोगी पडते. शेती आणि आरोग्य हे या पानाचे दोन्ही विषय त्या एका गाडीत येतात, म्हणून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

नवी गाडी दारात आली की ती कमानवाल्या मिस्त्रीकडे नेऊन मागे एक-दोन जादा पाटे घालून घ्यायचे, अशी रीत पडली आहे. त्याने गाडी मजबूत होते, अशी समजूत आहे. आमचे मत असे की ही रीत सोडावी. गाडीवर खर्च करायचाच असेल तर तो तिची चाल मऊ करण्यासाठी करावा. त्याने माल वाचेल, गाडी वाचेल आणि चालवणाऱ्याची पाठही वाचेल.

कारण समजून घेऊ. पाट्याचे काम वाकण्याचे आहे. चाक खड्ड्यात गेले की पाटा वाकतो आणि धक्का पोटात घेतो. त्याच जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला, तर कमान सुमारे पाचव्या हिश्शाने कडक होते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा कडकपणा आठपट होतो. म्हणजे थोडा जाड पाटासुद्धा मोठा फरक करतो. भरलेल्या गाडीत हे जाणवत नाही. पण परतीच्या वाटेवर, हौदा रिकामा असताना, कडक पाटे जवळजवळ वाकतच नाहीत आणि गाडी टायरवर उडत चालते. मग तोच धक्का चासीला, सीटला आणि शेवटी आपल्या मणक्याला बसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पाटे वाढवले म्हणून गाडीचा अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक वाढत नाहीत. ते कारखान्याने ठरवलेल्या वजनापुरतेच राहतात. जादा पाट्यांमुळे एवढेच होते की गाडी मागे बसलेली दिसत नाही. वजन डोळ्यांना दिसायचे बंद होते, पण चोर्ल्याच्या उतारावर ब्रेकला ते पुरेपूर कळते. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. त्याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये असा दंड ठरवला आहे. चार क्विंटल जादा मालाच्या भाड्यातून हा हिशेब सुटतो का, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता आरोग्याचे पाहू. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली कंपने सर्वांत जास्त बाधतात. वर्षानुवर्षे असे हादरे खाणाऱ्या ट्रॅक्टर आणि ट्रकचालकांत कंबरदुखी अधिक आढळते. युरोपीय संघाने २००२ साली यासाठी स्वतंत्र निर्देश काढला आणि कामगाराला बसणाऱ्या कंपनांची मर्यादा ठरवून ती सांभाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आपला शेतकरी स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. त्याच्या पाठीची काळजी त्याच्याशिवाय कोण घेणार? शिवाय लांबच्या फेरीनंतर पाठीचे स्नायू थकलेले असतात. गाडीतून उडी मारून लगेच क्रेट उचलू नये. पाच मिनिटे चालावे, मग ओझ्याला हात लावावा.

तर मग काय करावे? आम्ही कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे जाणारा क्रम सुचवतो.

पहिली गोष्ट हवा. जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. लोखंडी धावेची गाडी जाऊन टायरची गाडी आली तेव्हा आपल्या बैलांच्या मानेला केवढा आराम मिळाला, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. गाडीची पहिली कमान ही हवाच आहे. गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी जी हवा सांगितली असेल तीच ठेवावी, आणि टायर थंड असताना तपासावी. फार हवा भरली तर गाडी आपटते. कमी हवेत भरलेली गाडी हाकली तर टायर तापून फुटतो.

दुसरी गोष्ट बुश आणि शॅकल. पाट्याच्या टोकांचे बुश झिजले की खडखड वाढते आणि गाडी वाकडी ओढते. गंजून जखडलेला शॅकल पाट्याला हलूच देत नाही. जिथे ग्रीसचे निपल आहे तिथे वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. यू-बोल्ट सैल नाहीत ना, तेही पाहावे. पावसाळा संपला की हे एकदा करावेच.

तिसरी गोष्ट शॉकअप. पाटा धक्का घेतो, पण त्यानंतरचे झोके शॉकअप थांबवतो. त्यावर तेल ओघळलेले दिसले, किंवा टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजला, तर शॉकअप गेला असे समजावे. खराब रस्त्यावर काही मैल गाडी चालवून मग शॉकअपजवळ जपून हात न्यावा. चालणारा शॉकअप कोमट लागतो, निकामी झालेला थंडच राहतो. बदलताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम बदलावेत.

चौथी गोष्ट, आधीच घातलेले जादा पाटे काढून कमान मूळच्यासारखी करून घ्यावी. तुटलेला पाटा वेल्डिंगने सांधू नये, कारण त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो. मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे, परस्परांवर न घासणारे पाटेही निघाले आहेत. त्यांची चाल मऊ असते. पण ते आपल्या गाडीसाठी कारखान्याने मान्य केलेले असतील तरच घ्यावेत.

आणि माल भरताना वजन मागच्या फळीकडे न ठेवता अ‍ॅक्सलच्या थोडे पुढे ठेवावे. मागे लोंबते वजन असले की गाडीचे तोंड उचलते आणि प्रत्येक गतिरोधकावर ती डोलते.

काही बांधव म्हणतील, बाजारभावाचा भरवसा नाही, डिझेल महाग, दोन फेऱ्या परवडत नाहीत. अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण तळाच्या क्रेटमधले टोमॅटो फुटून रस गळायला लागतो तेव्हा दलाल त्याचा भाव देत नाही. तुटलेला पाटा, फुटलेला टायर आणि आठ दिवस अंथरुणावर पडलेला चालक यांचाही खर्च त्याच एका फेरीच्या खात्यावर मांडला पाहिजे. शेजारच्या दोघा-तिघांनी माल वाटून आळीपाळीने गाड्या नेल्या तर दोघांचेही भागते. आपल्या वाडीत हे जमणार नाही असे आम्हाला वाटत नाही.

शेवटी एक विनंती. रविवारच्या मिस्साला, लग्नाला, फेस्ताला आपली माणसे हौद्यात उभी राहून येतात. पाट्यांवर कितीही खर्च केला तरी हौदा माणसांसाठी नाही. मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. अपघात झाला तर ते ओझे गाडीमालकाच्या घरावर पडते. गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि हाड मोडलेला रोगी यांना तर हौद्यात कधीच घालू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

भात कापणी झाली की गाड्यांची धावपळ सुरू होईल. त्याआधी एक सकाळ गाडीखाली वाकून पाहण्यासाठी राखून ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.