जासईचे दि. बा.

ज्या उत्तर कोकणात सातबाऱ्यावरील नाव हेच कुळाचे सर्वस्व, तेथे जासईच्या शेतकरी घरात १९२६ साली जन्मलेल्या दि. बा. पाटील यांनी कायद्याचे शिक्षण अशिलांपुरते न ठेवता, नवी मुंबईच्या भूसंपादनात सापडलेल्या ९५ गावांतील आगरी-कोळ्यांची कैफियत विधिमंडळात, संसदेत आणि रस्त्यावर मांडली, याचे स्मरण आम्हास कृतज्ञतेने होते. या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी याच परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. आज कंटेनरांच्या रांगेआड एखादे भातखाचर दिसते, बांध अजून शाबूत, आणि त्याच्या वारसाचे भूखंडाचे प्रकरण मात्र दफ्तरात प्रलंबित, हे आम्हास सहन होत नाही.