नव्वद सेंट
साखरपुड्याच्या अंगठीवरून आमचं पहिलं खरं भांडण झालं, तेही दुकानात. काउंटरवरच्या माणसानं एक कॅरेटचा खडा समोर ठेवला आणि याला म्हणाला, "सर, आयुष्यात एकदाच घ्यायचं असतं. ईएमआय करून देतो." मी नको म्हटलं. हा म्हणाला, "तुझ्यासाठीच घेतोय ना?" घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते.

हिऱ्याशिवाय साखरपुडा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं? माझ्या आईची अंगठी साधी सोन्याची आहे. हिरा जाहिरातीतून आला. १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी नावाच्या कॉपीरायटर बाईंनी डी बिअर्ससाठी हिरा चिरंतन असल्याची ओळ लिहिली. (बाईंनी स्वतः लग्न केलं नाही.) पुढे त्याच कंपनीच्या जाहिरातींनी अमेरिकन पुरुषाला दोन महिन्यांचा पगार अंगठीत घालायला सांगितलं आणि जपानी पुरुषाला तीन महिन्यांचा. म्हणजे प्रेमाचा दर देशागणिक बदलतो.

आणि कृपा करून 'गुंतवणूक' म्हणू नका. सोनं मोडायला नेलं तर त्या दिवसाचा भाव लागतो, घट कापून पैसे हातात येतात. हिऱ्याला असा रोजचा भाव नसतो. विकायला गेलात की समोरचा म्हणेल ती किंमत.

तरी हिरा हवाय? मलाही हवाय, खोटं कशाला बोलू. मग पैसे पैलूंवर घाला. खडा चमकतो तो कटमुळे, तिथे 'एक्सलंट'च्या खाली उतरू नका. बाकी ठिकाणी खुशाल उतरा. रंगाची श्रेणी डी पासून झेडपर्यंत असते. पिवळ्या सोन्यात बसवलेला एच किंवा आय रंगाचा खडा पिवळसर आहे हे तुमच्या मावशीला कळणार नाही. व्हीएस-२ मधले डाग दहापट भिंगाखाली शोधावे लागतात. साखरपुड्याला भिंग घेऊन कोण येतं?

आता वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पूर्ण आकडा आला की दर उडी मारतो, कारण लोकांना 'एक कॅरेट' म्हणायचं असतं. एक कॅरेटचा गोल खडा साधारण ६.५ मिलिमीटरचा, नव्वद सेंटचा ६.२ चा. या ०.३ मिलिमीटरसाठी हप्ते?

लॅबमधल्या हिऱ्याला माझ्या होणाऱ्या सासूबाई 'खोटा' म्हणतात. तोही कार्बनच, तसाच कठीण. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढला. २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा लॅबमधलाच हिरा भेट दिला. त्या दुकानात हाच पर्याय पाचव्या हिश्शाहून स्वस्त होता, आणि तो मी विचारल्यावर खालच्या ड्रॉवरमधून निघाला. त्याचे भाव घसरत चाललेत, हे खरं. पण मी तो विकणार नाहीये, घालणार आहे.

शनिवारी परत जातोय. हा अजून एक कॅरेटवर अडून आहे. मी पर्समध्ये कंपासपेटीतली पट्टी टाकली आहे.