वही तपासायला हवी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला होता. तिच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि ते काही ऐकत नाहीत. "मावशी, तू एवढी वर्षं शाळेत शिकवलंस, तूच समजाव ना त्यांना," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं, मी काय समजावू? माझ्याच घरात हे नाटक सात वर्षं चाललं होतं. मग बोलता बोलता अर्धा तास गेला. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा लिहूनच काढावं. घरातली बाकीची मंडळीही वाचतील.

आमचे हे बेस्टमध्ये कंडक्टर होते. बरीचशी वर्षं डबलडेकरवर गेली. वर जाऊन तिकिटं फाडायची, स्टॉप आला की घंटी मारायची, खाली यायचं, पुन्हा वर. ड्यूटीवरून आले की पोटऱ्यांना तेल चोळत "आज पण माथेरान चढून आलो" म्हणायचे. आमची चाळ लालबागची. तिसरा मजला, लाकडी जिना, नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला. मी गिरगावच्या शाळेत जायचे, तेव्हा करी रोडचा जिना, चर्नी रोडचा पूल आणि हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. व्यायाम हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारला नव्हता. तशी वेळच आली नाही.

२००७ साली हे निवृत्त झाले, २००९ साली मी. २०१४ मध्ये चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही अठराव्या मजल्यावर गेलो. नळ घरात, संडास घरात, लिफ्ट दारात, भाजीवाला फोनवर. सुख आलं आणि पाय थांबले. दोन वर्षांनी यांची अँजिओप्लास्टी झाली.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं. डॉक्टर चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कागदावर गोळ्या लिहायचे. कोणती, किती, जेवणाआधी की नंतर, सगळं व्यवस्थित. आणि आम्ही दारापर्यंत पोचलो की मागून म्हणायचे, "आणि काका, चालत जा हं." हे म्हणायचे, "हो हो." बस्स. पुढच्या वेळी त्यांनी कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही.

मी चौतीस वर्षं मुलांना गृहपाठ दिला. एक गोष्ट कोणतीही बाई तुम्हाला सांगेल. "अभ्यास करा" हा गृहपाठ नव्हे. "पान ४२, पहिली पाच गणितं, उद्या वही दाखवा" हा गृहपाठ. आणि तोही दुसऱ्या दिवशी वही उघडून पाहिली नाही, तर तिसऱ्या दिवसापासून कोणी करत नाही. हुशार मुलंसुद्धा नाही. "चालत जा" हा असाच पान क्रमांक नसलेला गृहपाठ होता.

घरी मी चिडायची. आळशी झालात म्हणायची. आणि दुसरीकडे पाण्याचा ग्लाससुद्धा यांच्या हातात नेऊन द्यायची. हृदयाचं दुखणं, जपायला नको का? बाजारात यायला निघाले की "तुम्ही बसा, दगदग नको." हे दोन्ही मीच बोलत होते आणि त्यात काही विसंगत आहे हे मला कळत नव्हतं.

२०२३ मध्ये यांचा गुडघा धरला म्हणून फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे एक तरुण मुलगी होती, आमच्या नातीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. तिने गुडघा बघायच्या आधी विचारलं, "आजोबा, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता ते सांगा." हे सांगू लागले. पेपर, नाश्ता, टीव्ही, जेवण, झोप, टीव्ही. ती हसली नाही की रागावली नाही. फक्त म्हणाली, "चालायला का जात नाही?"

सात वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. मी धरून. मी ओरडायचे, पण विचारलं कधीच नव्हतं.

हे जरा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी पाण्याची गोळी असते. दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागतं. रस्त्यात कुठे जाणार? एकदा फजिती झाली आहे." आणि मग म्हणाले, "शिवाय भीती वाटते. पुलावर छातीत काही झालं तर?"

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. लग्नाला पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

त्या मुलीने व्याख्यान दिलं नाही. गोळीची वेळ बदलता येते का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हणाली. आम्ही विचारलं, त्यांनी तपासून ती चालून आल्यानंतर घ्यायला सांगितली. रस्ता नको, इमारतीच्या पोडियमवर चाला, तिथे वॉचमनच्या केबिनमागे शौचालय आहे का? आहे. मग कागदावर लिहून दिलं: सकाळी ७ वाजता, १० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. वेग किती? तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ५ वेळा. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबायचं आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि खाली: दोन आठवड्यांनी वही घेऊन या.

वही! मला तिला मिठी मारावीशी वाटली.

जाताना मला म्हणाली, "आजी, एक काम तुम्हालाही. त्यांचं पाणी त्यांना उठून घेऊ दे."

मंडळी, हा आमच्या घरचा किस्सा झाला. पण नंतर मी या विषयावर वाचत गेले, आणि एक गोष्ट वाचून थक्क झाले. बसून राहण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो बसमध्येच. लंडनच्या जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या बस ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचे, ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. मॉरिस यांनी स्वतःच शंकाही घेतली, की मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापंसुद्धा तपासली. पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांचीही तुलना केली. तिथेही चालणाऱ्यांचंच पारडं जड. हे डॉक्टर २००९ साली नव्याण्णवाव्या वर्षी गेले.

हे सगळं मी यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे मी एवढी वर्षं औषधही घेत होतो आणि वर पगारही."

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. आपलं औषध आपल्या कामात, चाळीत आणि जिन्यात होतं. ते काढून घेतलं गेलं. २०२४ साली 'लॅन्सेट'च्याच एका भावंड नियतकालिकात आलं की भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीचं, आणि पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस. पण त्याच सूचनांत असंही आहे, की काहीच न करण्यापेक्षा थोडं करणं बरं. हे दुसरं वाक्य रुग्णाला सांगायचं राहून जातं. दीडशेचा आकडा ऐकून माणूस घाबरून बसतोच.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर व्यायाम रीतसर कागदावर लिहून देतात, 'हिरवी चिठ्ठी' म्हणू या. नुसती चिठ्ठी नाही, मागून एक माणूस फोन करून विचारतो, जमतंय का? २००३ मध्ये त्याची तपासणी छापून आली. चिठ्ठीवाले रुग्ण इतरांपेक्षा आठवड्याला सुमारे ३४ मिनिटं जास्त व्यायाम करू लागले. दर दहा चिठ्ठ्यांमागे एक माणूस अडीच तासांचं माप गाठू लागला. दहात एक! कोणी म्हणेल, हे काय यश? मी म्हणते, वर्गातल्या साठ मुलांपैकी सहा जास्त पास झाली असती, तर आमच्या मुख्याध्यापकांनी पेढे वाटले असते.

आता डॉक्टर म्हणतील, बाई, आमच्या बाहेर रांग बघा. खरं आहे. परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत मी स्वतः सकाळ-सकाळ उभी राहिले आहे. एका रुग्णाला मिळतात दोन-तीन मिनिटं. त्यात दिनचर्या कधी विचारणार? पण सगळं डॉक्टरांनीच करावं असं कुठे आहे? डॉक्टरांनी एक प्रश्न विचारावा, "किती चालता, आणि काय आड येतं?" आणि एक ओळ लिहावी. बाकीचं परिचारिका करू शकतील, फिजिओथेरपिस्ट करू शकतील. फिजिओथेरपी शिकवायला आपल्या केईएममध्ये १९५० च्या दशकातच सुरुवात झाली होती, मग ती माणसं फक्त मोडलेल्या हाडांसाठी का वापरायची? २०२२ च्या नोव्हेंबरपासून मुंबईत 'आपला दवाखाना' सुरू झाला, घराजवळचा. वही तपासायला त्याहून चांगली जागा कोणती?

आणि प्रश्न विचारणं का महत्त्वाचं, त्याचं आणखी एक कारण. आमच्याकडे येणाऱ्या बाई पाच घरची कामं करतात. त्यांना साखर निघाली तेव्हा त्यांनाही कोणीतरी "चालत जा" सांगितलं. त्या मला म्हणाल्या, "आजी, मी बसते कधी ते तरी विचारायचं!" त्यांना चालण्याची नाही, विश्रांतीची, वेळेवर जेवणाची गरज असेल. सगळ्यांना एकच गृहपाठ देणारा मास्तर वर्गाकडे बघतच नसतो.

उपदेश आम्हालाही खूप करता येतो, सगळा जन्म त्यातच गेला. पण मुलगा गृहपाठ का करत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या घरी सापडायचं. घरात दिवा नसायचा, किंवा वडील पिऊन यायचे, किंवा त्याला मुळात गणित कळलेलंच नसायचं. न विचारता छडी मारली, तर ती आपली चूक. मीही यांच्यावर सात वर्षं छडीच उगारली.

आता हे रोज पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा चालतात. पावसाळ्यात दोन महिने बंद पडलं होतं, पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू केलं. वहीवर त्या मुलीच्या लाल सह्या आहेत. तिच्याकडे जाणं संपल्यापासून सही मी करते. खाडा झाला तर ओरडत नाही, का झाला ते विचारते.

आणि पाणी हे स्वतः उठून घेतात. पहिल्या दिवशी ते खुर्चीवरून उठत होते तेव्हा मला स्वयंपाकघरात उभं राहवेना. ग्लास माझ्या हाताशीच होता. ओट्याची कड घट्ट धरून मी नुसती उभी राहिले.