कूपन मालकाचे, टिप वाढणाऱ्याची

मंडळी, हडसनच्या काठावर, वीहॉकन-एजवॉटरच्या बाजूला जी उंची रेस्टॉरंटे आहेत, तिथे आपल्यापैकी फार थोडे जण जातात, आणि जातात ते बहुधा कंपनीच्या खर्चाने. अलीकडे मात्र त्यांतल्याच एका ठिकाणच्या रविवारच्या ब्रंच बुफेचे सवलतीचे कूपन आपल्या घराघरांतून फिरते आहे. माणशी ५० डॉलरचे जेवण ३० डॉलरला! मंडळातर्फे तीस-चाळीस जणांनी एकदमच जावे अशीही बोलणी चालली आहेत. आम्ही दोघे आणि भारतातून आलेले सासूबाई-मामंजी असे चौघे नुकतेच जाऊन आलो. जावे का, असे कोणी विचारले तर मी जरूर जा म्हणेन. मला लिहायचे आहे ते जेवणाबद्दल कमी आणि बिलाबद्दल जास्त.

तरी जेवणाचे थोडे सांगते. ब्रेकफास्ट आणि लंच यांची सांगड घालून ब्रंच हा शब्द झाला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांसाठी रविवारी उशिरा असे एकच जेवण असावे, असा लेख गाय बेरिंजर या इंग्रजाने १८९५ साली लिहिला होता. आपल्याकडे उपास सोडायला जेवढे पदार्थ लागत नाहीत तेवढे इथे झोप सोडायला लागतात! शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, पण विचारून घ्यावे. किशमध्ये पुष्कळदा बेकन असते, परतलेल्या बटाट्यांतही कधीकधी असते, आणि गोडाच्या टेबलावरचे थुलथुल हलणारे पदार्थ बहुधा जिलेटिनचे असतात. ऑम्लेट करणाऱ्याला दुसरा तवा घ्यायला सांगितले तर तो घेतो, आमच्यासाठी त्याने हसत घेतला. सासूबाईंनी क्रेपला धिरडे ठरवून टाकले आणि दोन खाल्ली.

मामंजींचे लक्ष मात्र खिडकीबाहेर होते. समुद्र उजव्या हाताला, मग पाणी डावीकडे कसे चालले आहे, हे त्यांना उलगडेना. टेबलावर वाढायला असलेल्या बाईंनी कॉफी ओतता ओतता सांगितले की ही भरती आहे, थोड्या वेळाने पाणी फिरेल. हडसनमध्ये समुद्राची भरती-ओहोटी थेट ट्रॉयपर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे मैल वर जाते. १५ जानेवारी २००९ ला विमान याच नदीत उतरले आणि १५५ च्या १५५ माणसे वाचली, त्यांतल्या पुष्कळांना इथल्या फेरीबोटींनी उचलले, हेही त्यांनीच सांगितले. मामंजींना हे इतके आवडले की त्यांनी भारतात फोन करून सगळ्यांना नदीच सांगितली, जेवण नाही.

मग बिल आले. कूपन वजा जाता चौघांचे १२० डॉलर. ह्यांनी ३६ डॉलर टिप लिहिली तशी मामंजी म्हणाले, “माणशी नऊ डॉलर? मग सवलत कुठे राहिली?”

मंडळी, हाच प्रश्न आपल्या बैठकीतही निघणार, म्हणून हा हिशेब इथे मांडते. कूपन नसते तर जेवण २०० डॉलरचे झाले असते आणि त्यावर १८ टक्क्यांनी टिप ३६ डॉलरच झाली असती. सवलत दिली मालकाने, रिकाम्या खुर्च्या भराव्यात म्हणून. वाढणाऱ्या बाईंनी काही कमी थाळ्या उचलल्या नाहीत. टिप पूर्ण किमतीवर द्यावी असे पुष्कळ कूपनांच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलेही असते, पण बारीक अक्षरे आपण वाचतो ती फक्त अंतिम तारखेची. इतके करूनही माणशी वीस डॉलर वाचतातच.

बुफेत आपणच वाढून घेतो, मग टिप कशाला, असेही म्हणणारे आहेत. घटकाभर त्या बाईंकडे पाहत बसा, म्हणजे कळेल. आपण चार वेळा उठतो आणि चारही वेळा परत येईपर्यंत उष्टी ताटली गेलेली असते. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा असा नियम आहे. न्यू जर्सीत दर याहून जास्त आहे, तरी पूर्ण किमान वेतनाच्या जवळपासही नाही. मालकाने पूर्ण पगार द्यावा आणि ही पद्धतच बंद करावी, हे मलाही पटते. पण तो निषेध वाढणाऱ्या बाईंच्या पैशांतून कशाला?

टॅक्सच्या दुप्पट टिप हा न्यूयॉर्कचा ठोकताळा इथे आणू नका. तिकडे टॅक्स ८.८७५ टक्के, आपल्याकडे ६.६२५. दुप्पट केले तर सव्वातेरा टक्केच होतात.

आणखी एक. पानात टाकू नये हे आपण पंगतीत शिकलो आणि बुफेसमोर विसरलो. पैसे वसूल करायचे म्हणून भरलेली ताटली अर्धी तशीच सोडायची, किंवा दोन मफिन पर्समध्ये घालायचे, हे आपली मुले पाहत असतात. मफिन एवढे आवडले तर बेकरी आहे की.

कार्यकारिणीने सहल ठरवलीच, तर ३० डॉलर जेवणाचे, ९ टिपेचे आणि टॅक्स धरून माणशी ४३ डॉलर आधीच गोळा करावेत, म्हणजे बिल आल्यावर टेबलाटेबलांवर चर्चा नको. मुलांचा दर वेगळा विचारावा. मोठ्या गटाच्या बिलात पुष्कळ ठिकाणी १८ ते २० टक्के टिप आधीच लावलेली असते, ती खजिनदारांनी पाहूनच सही करावी, आणि काही उरले तर ज्याचे त्याला परत द्यावे.