छाती काढून चाल!

आपल्या भाषेने सारा पुरुषार्थ छातीत कोंबून ठेवला आहे. शूर माणूस छातीठोक बोलतो, संकटापुढे छातीचा कोट करतो. आणि भित्र्याची बोलायची ‘छाती होत नाही’. मराठी शिकवणाऱ्याला हे वाक्प्रचार फार प्रिय. पण ज्या मुलाच्या छातीच्या मधोमध खळगा आहे, त्याला ते कसे ऐकू येत असतील?

आमच्या विठ्ठलवाडीत असा एक मुलगा आहे. मुंजीच्या फोटोत तो उघड्या अंगाने मनमोकळा हसतो आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढली, तसा खळगाही वाढला. आणि भिंतीवरचा तो फोटो त्याने स्वतःच उतरवला. आता भर वैशाखात सदऱ्याच्या आत जाड बनियन, आणि पोहायला जायचे म्हटले की नेमकी सर्दी! आई ओरडते, “पोक काढू नकोस, छाती काढून चाल!” वडील म्हणतात, “एवढ्याशा खळग्याचं काय घेऊन बसलास?”

या ‘एवढ्याशा’तच सारी गफलत आहे. उत्तर अमेरिकेतील मुलांच्या 11 रुग्णालयांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या अशा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना खोदून प्रश्न विचारले. 2008 साली ते प्रसिद्ध झाले. खळगा किती खोल आणि मन किती दुखावलेले, यांचा काही मेळच बसला नाही. दुःखाचे माप फूटपट्टीवर मिळत नाही, ते मुलालाच विचारावे लागते.

आयांनी मात्र स्वतःला बोल लावू नये. बरगड्यांना छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात आणि हाड आत ओढले जाते; 300 ते 400 जन्मांमागे साधारण एकाला, त्यातही मुलग्यांना अधिक. (मुलींनाही होते, त्यांच्याविषयी तर घरात कुणी बोलतच नाही.) जोरबैठकांनी खळगा भरत नाही, पोक तेवढा कमी होतो. हाड उलट पुढे आले असेल, तर वाढत्या वयात बाहेरून बांधायच्या पट्ट्याने ते पुष्कळदा बसते. खळग्यासाठी डोनाल्ड नस या अमेरिकेतील शल्यविशारदांनी 1987 साली हाडामागे धातूची वाकवलेली पट्टी सरकवण्याची रीत काढली. ती पट्टी दोन-तीन वर्षांनी काढून घेतात. प्रत्येकाला तिची गरज नसते. हृदय-फुप्फुसांवर दाब येतो का, हे आधी डॉक्टरांनी पाहावे.

तिथे सदरा काढावाच लागेल. आईवडिलांनी आत थांबावे की बाहेर, हे निघण्यापूर्वीच मुलाला विचारून ठेवावे.