दिलेली चाल

संगीतरचना शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पाश्चात्त्य परंपरेत पहिले गंभीर काम मिळते ते दुसऱ्याच्या चालीवर. एखाद्या जुन्या कोरालची चाल त्याच्यापुढे ठेवतात आणि सांगतात, हिच्याखाली आणखी तीन आवाज लिही. चाल बदलायची नाही. ‘मला माझे काही म्हणायचे आहे’ या उर्मीने आलेल्या माणसाला हे काम कारकुनी वाटले तर नवल नाही. हा अभ्यास आता कालबाह्य झाला आहे, तो सोडून द्यावा, असे म्हणणारेही आहेत. माझे मत तसे नाही. अभ्यास योग्यच आहे. तो ज्या रीतीने करून घेतला जातो, ती रीत मात्र त्याचा जीवच काढून घेते.

कोराल म्हणजे ल्यूथरपंथीय चर्चमध्ये जमलेल्या सामान्य जनांनी एकत्र गायचे जर्मन स्तोत्र. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने लोकभाषेतील सामूहिक गायनाला उपासनेत मानाचे स्थान दिले. त्यासाठी जुन्या लॅटिन स्तोत्रांतून, लोकगीतांतून, प्रसंगी प्रेमगीतांतूनही चाली घेतल्या गेल्या. गाणारे शिकलेले गायक नव्हेत, म्हणून ओळी आखूड, स्वर एकमेकांना लागून, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास घेण्यापुरता थांबा. ऐकायला या चाली अगदी सरळ वाटतात. पण सरळ चाल आणि एकार्थी चाल यांत फरक आहे.

हान्स लिओ हास्लर याने १६०१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील एका पाच आवाजांच्या प्रेमगीताची चाल घ्या. एका तरुणीमुळे चित्त भ्रमिष्ट झाल्याची तक्रार करणारे ते गीत. पुढे हीच चाल मृत्यूची आस व्यक्त करणाऱ्या स्तोत्राला लागली आणि त्यानंतर पाउल गेरहार्टच्या, काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या रक्तबंबाळ मस्तकाला उद्देशून लिहिलेल्या स्तोत्राला. योहान सेबास्टियन बाखने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये (१७२७) ती पाच वेळा योजली आहे. पहिल्या दोन वेळा खालचे आवाज तेच, फक्त सगळे अर्ध्या स्वराने उतरलेले. पुढे मात्र योजना बदलत जाते, आणि ख्रिस्ताने प्राण सोडल्यानंतर लगेच येणारा कोराल ऐकताना ही तीच चाल आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही.

हे घडते कसे? चालीचा शेवटचा स्वर ‘ई’ धरू. सी मेजर मानले तर हा ‘ई’ गांधार आहे. ए मायनर मानले तर तोच पंचम. आणि जुन्या फ्रिजियन पद्धतीत तोच षड्ज. (फ्रिजियनचे स्वर आपल्या भैरवी थाटाशी जुळतात; साम्य तेवढ्यापुरतेच, त्यावरून मोठे सिद्धान्त उभारू नयेत.) यांपैकी तो कोण, हे चाल स्वतः सांगत नाही. ते ठरवतो बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज. ‘पॅशन’मध्ये पहिल्यांदा चाल येते तेव्हा तिचा अखेरचा स्वर मेजरमधील निश्चिंत गांधार म्हणून विसावतो. मृत्यूनंतरच्या कोरालमध्ये बाख त्याला फ्रिजियनच्या शेवटावर आणून सोडतो आणि ऐकणाऱ्याला पाऊल टेकल्यासारखे वाटतच नाही. वरच्या आवाजाची वळणे तीच असतात. अर्थ खालून येतो.

एकाच स्वररेषेत राग उलगडत नेण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ही गोष्ट प्रथम परकी वाटते. साहित्याच्या अभ्यासकाला ती परकी वाटू नये. दिलेला मूळ पाठ अक्षरशः तसाच ठेवून त्याचा अर्थ उलगडणे याला आपल्याकडे ‘टीका’ असे नाव आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे म्हणून कोणी तिला दुय्यम म्हणत नाही. कोरालला तीन आवाज देणे हे माझ्या दृष्टीने या अर्थी टीका लिहिणेच आहे, आणि म्हणूनच नवोदिताने त्यापासून सुरुवात करावी. स्वतःची चाल असेल तर तिच्यात अडचण आली की माणूस चालच बदलतो. दुसऱ्याची चाल ही पळवाट ठेवत नाही.

आता रीतीविषयी. वर्गांतून आणि पाठ्यपुस्तकांतून हा अभ्यास बहुधा निषेधांच्या यादीने सुरू होतो. दोन आवाजांनी समांतर पंचमात चालू नये, समांतर अष्टकात चालू नये, षड्जाकडे ओढ घेणाऱ्या निषादाला षड्जावरच न्यावे, शेजारच्या आवाजांत फार अंतर पडू देऊ नये. विद्यार्थी लिहितो, शिक्षक तांबड्या शाईने समांतर पंचम शोधून काढतात, गुण कापले जातात. नियम चुकीचे नाहीत. समांतर पंचमाचा निषेध तर तंबोरा लावलेल्या कोणालाही पटेल. षड्ज-पंचम जुळले की ते एकमेकांत इतके मिसळतात की दोन तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत. तंबोऱ्यात आपल्याला तेच हवे असते. पण चार माणसे चार वेगळ्या गोष्टी म्हणत असताना त्यांतली दोन अशी मिसळली, तर चौथा आवाज नाहीसा होतो. नियमामागचे हे कारण सांगितले की नियम पाठ करावा लागत नाही. ब्राम्सने थोर रचनाकारांच्या कृतींतून समांतर अष्टके आणि पंचम वेचून त्यांची एक वहीच केली होती. हाइन्रिख शेंकरने ती १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. नियम मोडतो तेव्हा नेमके काय ऐकू येते, याचे कुतूहल असलेल्या माणसाचा तो उद्योग आहे. खुद्द बाखही मधल्या आवाजातल्या निषादाला षड्जावर न नेता खुशाल खाली पंचमावर उतरवतो, कारण शेवटचा स्वरसमूह त्याला भरीव हवा असतो.

बाख स्वतः कसे शिकवी, हे त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७७५ मध्ये चरित्रकार फोर्केलला लिहिलेल्या पत्रातून कळते. कोरालकडे आल्यावर बास आधी बाख स्वतः लिहून देई. विद्यार्थ्यांनी फक्त ऑल्टो आणि टेनर भरायचे. बास त्यांनी स्वतः रचायचा, ही पायरी त्यानंतरची. या क्रमात मला फार शहाणपण दिसते. अर्थ लावण्याचे अवघड काम गुरू आधी स्वतःकडे ठेवतो आणि मधल्या दोन आवाजांना गाण्याजोगे करण्याचे काम शिष्याला देतो. मधले आवाज म्हणजे उरलेल्या जागा भरण्याची सोय नव्हे, तेही कोणाच्या तरी गळ्यातून निघणार आहेत, हे अशाने अंगी मुरते.

या मुलाने आणि किर्नबर्गरने सिद्ध केलेला बाखच्या कोरालांचा संग्रह ब्राइटकोफने १७८४ ते १७८७ या काळात चार भागांत काढला. ३७१ कोरालांचा हा संग्रह तेव्हापासून या अभ्यासाचे प्रमाणपुस्तक ठरला. उपकार मोठे, यात शंका नाही. पण त्यात स्तोत्रांचे शब्द छापलेले नव्हते. माझी तक्रार इथून सुरू होते. एखाद्या ओळीखाली बास अर्ध्याअर्ध्या स्वराने का उतरतो, याचे उत्तर पुष्कळदा त्या ओळीतल्या ‘भय’ किंवा ‘यातना’ अशा शब्दात असते. शब्द काढून टाकले की उरते ते नुसते व्याकरण, आणि मग शिक्षकाला तपासण्यासारखेही व्याकरणच उरते. विद्यार्थ्याला चालीबरोबर स्तोत्राचे किमान एक कडवे अर्थासह द्यावे, ही माझी मागणी आहे. ती फार मोठी नाही.

‘दिलेल्या चालीशी असे स्वातंत्र्य घेणे आगाऊपणाचे नाही काय?’ ही शंकाही जुनीच. १७०६ साली आर्नश्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी वीस वर्षांच्या बाखला बोलावून ठपका ठेवला, की तो कोरालमध्ये विचित्र फेरफार करतो, परके स्वर मिसळतो आणि त्यामुळे जमलेले लोक गोंधळतात. अधिकाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. लोकांना गाता यावे म्हणून ऑर्गन असतो, आणि साथीदाराने गायकाला वाट चुकवू नये, हे आपल्याकडचा कोणताही पेटीवादक सांगेल. वहीतल्या अभ्यासाला ही अडचण नाही. तिथे कोणी गोंधळत नाही. तेव्हा तिथेही भीत भीत लिहिण्याचे कारण काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अठराव्या शतकातील लाइप्झिगची भाषा आजच्या रचनाकाराने का शिकावी? त्याला तर्काने उत्तर देण्यापेक्षा एक चाल पुढे करावी. योहान रुडॉल्फ आले याने १६६२ मध्ये केलेल्या एका कोरालचे पहिले चार स्वर सा, रे, ग आणि तीव्र म असे सरळ चढतात. सामूहिक स्तोत्रात न शोभणारी ही चढण आहे. बाखने १७२३ च्या एका कँटाटाच्या शेवटी ती घेतली आणि तिची धार बोथट न करता तिच्याखाली तितकीच धारदार योजना केली. १९३५ मध्ये अल्बान बर्ग, अठराव्या वर्षी वारलेल्या मानोन ग्रोपिउसच्या स्मरणार्थ, व्हायोलिन कन्चेर्टो लिहीत होता. त्याच्या बारास्वरी मालिकेचे शेवटचे चार स्वरही असेच पूर्ण स्वरांनी चढत होते. शेवटच्या भागात त्याने ही चाल आणली, आणि मध्येमध्ये बाखची मूळ योजना जशीच्या तशी क्लॅरिनेटांच्या समूहाला दिली. ते ऑर्गनसारखे वाजतात. त्यांच्या आधी आणि नंतर त्याच चालीखाली बर्गचे स्वतःचे स्वर आहेत.